भूलशास्त्राचे मुके धनको

हुबळी-धारवाडच्या काळ्या रानात ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर साजरा होतो. बैलांची शिंगे रंगविली जातात, त्यांना ओवाळून गोडाचा घास दिला जातो. ही कृतज्ञता नांगराच्या श्रमांबद्दल असते. मात्र मुक्या जनावरांचे आणखी एक ऋण माणसावर आहे व त्याचे स्मरण कोणत्याही सणास होत नाही. ते भूलशास्त्राचे. त्याची एक मोठी नोंद याच दख्खनच्या पठारावर झाली. गदग ओलांडून पूर्वेस गेले की त्या काळी निजामाचे राज्य लागे. त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे सर्जन व वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख होते.

लॉरी एडिंबरोचे विद्यार्थी. त्याच नगरीत 1847 साली सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग प्रथम केला. पुढल्याच वर्षी हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. तेव्हापासून वाद पेटला: हे औषध आधी श्वास थांबविते की हृदय? लॉरी यांचे गुरू सायम यांची शिकवण अशी, की वैद्याने श्वासावर दृष्टी ठेवावी. लॉरी यांनी ती आयुष्यभर शिरोधार्य मानली. देशातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

1888 साली लॉरी यांच्या पुढाकाराने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. प्रयोग झाले ते कुत्र्यांवर, आणि निष्कर्ष निघाला श्वासाच्या बाजूने. विलायतेतील ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मानला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1,000 पौंड देऊ केले व 1889 साली लॉडर ब्रन्टन हे नामांकित शास्त्रज्ञ हैदराबादेस आले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे असे चारशेहून अधिक प्राणी या दुसऱ्या कमिशनच्या कामी आले. ब्रन्टन यांचेही मत पालटले. लॉरी यांचा विजय जगभर गाजला.

परंतु रुग्ण दगावतच राहिले. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले, की भूल अपुरी असताना शरीरात अॅड्रिनॅलिन उसळले, तर हृदयाचे कप्पे थरथरू लागतात व ते एकाएकी बंद पडते. भय आणि वेदना यांनीच ते अॅड्रिनॅलिन उसळते. लॉरी यांनी भरपूर भूल दिलेल्या प्राण्यांचा श्वास अचूक मोजला. अर्धवट भुलीतल्या भेदरलेल्या जिवाचे हृदय त्यांच्या हिशेबात आले नाही. 1915 साली त्यांचे निधन झाले. त्यांची निष्ठा वादातीत होती. मात्र गुरुवचनावरील श्रद्धेने परीक्षकाची दृष्टी अरुंद होते, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे. ती चूक दुरुस्त झाली तीही प्राण्यांच्याच जिवावर.

हे कर्ज आपण कितपत फेडले? भारतात 1960 साली झालेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने प्रयोगातील शस्त्रक्रिया शक्य तोवर भूल देऊन कराव्यात असे बजावले. त्याच कायद्याने खच्चीकरण, शिंगे काढणे, डाग देणे व वेसण घालणे या गोष्टी विहित पद्धतीने केल्यास क्रौर्यातून वगळल्या. आज पशुवैद्यापाशी साधने आहेत. शिंगाच्या मुळाशी जाणाऱ्या मज्जातंतूजवळ लिग्नोकेन टोचले, की वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतच नाही आणि बैल उभा असतानाच शस्त्रक्रिया होते. रवंथ करणाऱ्या जनावरास आडवे पाडून पूर्ण भूल देण्यात पोटफुगीचा व पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून हीच रीत अधिक सुरक्षित. तरीही खेडोपाडी कित्येक बैल दोरांनी जखडून भुलीविनाच खच्ची केले जातात.

हे औषध दुर्मिळ नाही, महागही नाही. प्रत्येक तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात ते सदैव असावे व वेदनादायक प्रत्येक क्रियेपूर्वी ते देणे बंधनकारक व्हावे, अशी आमची कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही सरकारांकडे मागणी आहे. ज्यांच्या जिवावर माणूस निर्धास्तपणे शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपतो, त्यांना भूल देणे हा दयाधर्म नव्हे. ती थकलेल्या कर्जाची परतफेड आहे.