सही न करणाऱ्या कलावंत

सुझान बेलपेरॉन या फ्रेंच बाईंच्या दागिन्यांवर त्यांचे नाव सापडत नाही. घडण हीच आपली ओळख, असे त्या मानीत.

त्यांचा जन्म १९०० साली सँ-क्लोद गावी झाला. बझांसाँ येथे कलाशिक्षण घेऊन त्या पॅरिसच्या बुवाव्हँ पेढीत लागल्या. १९३२ साली बेर्नार हेर्झ या यहुदी रत्नव्यापाऱ्यांनी त्यांना आपल्याकडे घेतले व कामात पूर्ण मोकळीक दिली. सोन्याच्या कोंदणात खडा बसविण्याऐवजी बाई निळसर कॅल्सेडनी किंवा स्फटिक कोरून त्याचाच दागिना करीत व त्यात हिरे, नीलम जडवीत. गाजावाजा त्यांना नको असे. वेळ ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकांनाच त्या भेटत.

पुढे जर्मनांनी पॅरिस घेतले. यहुद्यांच्या पेढ्या हिरावल्या जाऊ लागल्या, तेव्हा हेर्झ यांची पेढी वाचावी म्हणून १९४१ साली बाईंनी ती आपल्या नावावर केली. दागिन्यावर कधी न घातलेले नाव त्यांनी येथे मात्र घातले. १९४२ साली दोघांनाही पकडले. वाटेत बाईंनी पत्त्यांच्या वहीची पाने गिळून टाकली, असे सांगतात. त्या सुटल्या. हेर्झ यांना १९४३ साली आउश्वित्झला नेले. ते परतले नाहीत.

युद्धानंतर त्यांचे चिरंजीव जाँ युद्धकैदेतून परत आले. बाईंनी त्यांना बरोबरीचे भागीदार केले. पेढीचे नाव हेर्झ-बेलपेरॉन झाले. हेर्झ पहिले, बाईंचे मागून.

१९८३ साली बाई वारल्या. त्यांचे दागिने श्रीमंतांच्या पेटीत आहेत. त्यांनी सांभाळून परत केलेली ठेव मात्र आपण यहुद्यांनी स्मरणात ठेवावी.