थोर संत ग्रेगरी आणि जगाच्या अंताची भीति



ज्युबिलीचें वर्ष हें मागें वळून देवाचे उपकार स्मरण्याचें आणि पुढील पिढ्यांसाठीं नवीं कामें हातीं घेण्याचें वर्ष. परंतु २०२० सालीं महामारीमुळें देवालयाचीं दारें बंद झालीं, तेव्हांपासून एक शंका आमच्या कानांवर वारंवार येत आहे: हीं जगाच्या अंताचीं चिन्हें तर नव्हेत? कोणी तीन दिवसांच्या काळोखासाठीं आशीर्वादित मेणबत्त्या मागावयास येतात. कोणी विचारतात कीं, जग बुडणारच असेल तर हें सारें बांधावयाचें तरी कोणासाठीं? अशांची थट्टा करून त्यांना वाटेस लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कारण अंत समीप आला आहे असें ख्रिस्तसभेच्या एका थोर परमगुरूंनाहि मनापासून वाटत होतें. ते म्हणजे पोप संत ग्रेगरी. तसें वाटत असतांना त्यांनीं काय केलें, हें पाहणें उद्बोधक होईल.

संत ग्रेगरी यांचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोम शहरांतील एका श्रीमंत घराण्यांत झाला. त्यांची माता सिल्विया हिलाहि ख्रिस्तसभा संत म्हणून मान देते. ग्रेगरींच्या बालपणीं गॉथ लोकांशीं चाललेल्या युद्धांत रोम अनेकदां एका हातून दुसऱ्या हातीं गेलें आणि उजाड झालें. ५६८ सालीं लोंबार्ड टोळ्या इटलींत उतरल्या व लुटालूट करूं लागल्या. अशा काळीं, ५७३ च्या सुमारास, ग्रेगरी रोमचे नगराधिकारी होते. वडिलांच्या मृत्यूनंतर मात्र त्यांनीं तें वैभव सोडिलें, सिसिली बेटांत सहा मठ स्थापिले, कॅलियन टेकडीवरील आपल्या वाड्याचाहि मठ केला आणि तेथें ते साधे मठवासी होऊन राहिले. पुढें परमगुरूंचे वकील म्हणून त्यांना कांहीं वर्षें कॉन्स्टँटिनोपल येथें राहावें लागलें.

५८९ सालच्या अखेरीस टायबर नदीस मोठा पूर आला. ख्रिस्तसभेचीं कोठारें ढासळलीं आणि हजारों मापें गहूं नासला. पुरामागोमाग प्लेगची साथ आली, आणि ५९० च्या फेब्रुवारींत पोप दुसरे पेलागियुस तिला बळी पडले. लोकांनीं ग्रेगरींची निवड केली. त्यांना तें पद नको होतें. निवडीस मान्यता देऊं नये असें त्यांनीं बादशहास लिहून कळविलें. परंतु उत्तराची वाट पाहत ते स्वस्थ बसले नाहींत. लोकांचे सात गट करून त्यांनीं प्रायश्चित्ताची मिरवणूक काढविली. प्रार्थना चालू असतां तासाभरांत ऐंशीं माणसें कोसळून मेलीं, असें टूरचे बिशप ग्रेगरी यांनीं त्याच काळांत नमूद केलें आहे. तरी प्रार्थना थांबली नाहीं. ३ सप्टेंबर ५९० रोजीं त्यांचा परमगुरुपदीं अभिषेक झाला.

परमगुरुपदाच्या आरंभींच्या काळांत संत पेत्राच्या महामंदिरांत सूर्यचंद्राच्या चिन्हांविषयीं उपदेश करितांना, नुकत्याच झालेल्या वादळाची त्यांनीं लोकांस आठवण दिली. जुने वृक्ष उन्मळून पडले होते. घरें व देवालयेंहि ढासळलीं होतीं. प्रभूनें सांगितलेल्या संकटांपैकीं पुष्कळशीं आपण डोळ्यांनीं पाहत आहों, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांनीं खोटा धीर दिला नाहीं. परंतु झाडांस फळ धरूं लागलें म्हणजे उन्हाळा जवळ आला असें जसें आपण ओळखतों, तसें या पडझडीवरून देवाचें राज्य जवळ आल्याचें ओळखावें, आणि देवावर प्रीति करणाऱ्यांनीं शोक करूं नये, असें त्यांनीं शिकविलें.

उपदेशाबरोबर कामहि चालूच होतें. सिसिलींत व इतरत्र ख्रिस्तसभेच्या जमिनी होत्या. तेथील कारभाऱ्यांना ग्रेगरींनीं धाडलेलीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत. कुळांकडून वाजवीपेक्षां मोठ्या मापानें धान्य घेऊं नये, त्यांना व्याजाच्या कर्जांत पडावें लागूं नये म्हणून ख्रिस्तसभेनेंच उसने पैसे द्यावे, अशा बारीकसारीक आज्ञा त्यांत आहेत. त्या जमिनींच्या उत्पन्नावर रोमांतील गोरगरीब व निराश्रित जगत. ५९३ सालीं लोंबार्ड राजा अगिलुल्फ रोमवर चालून आला. ग्रेगरी तेव्हां यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर प्रवचनें करीत होते. हात तोडलेले लोक शहरांत परत येऊं लागले, तेव्हां त्यांना प्रवचनें थांबवावीं लागलीं. राजाशीं बोलणें लावून व पैसा देऊन त्यांनीं शहर वांचविलें. तहाच्या या खटपटीबद्दल बादशहानें त्यांस भोळसट ठरविलें. तो शब्द त्यांच्या जिव्हारीं लागला, तरी त्यांनीं प्रयत्न सोडिला नाहीं. ५९८ सालीं तह झाला.

याच धामधुमींत, ५९६ सालीं, त्यांनीं आपल्या मठांतील ऑगस्टीन यांना मठवासी बंधूंसह इंग्लंडास धाडलें. वाटेंत त्या परक्या मुलखाच्या भयानें बंधूंचा धीर सुटला, आणि परत फिरण्याची परवानगी मागण्यासाठीं ऑगस्टीन रोमला आले. ग्रेगरींनीं धीराचें पत्र देऊन त्यांना पुन्हां त्याच वाटेस लाविलें. ५९७ सालीं सुमारें चाळीस जण केंटच्या किनाऱ्यास लागले. त्याच वर्षींच्या नाताळांत दहा हजारांहून अधिक लोकांचा स्नानसंस्कार झाला, ही वार्ता ग्रेगरींनीं अलेक्झांड्रियाच्या बिशपांस मोठ्या आनंदानें कळविली.

या चरित्रांत आम्हांस सर्वांत मननीय वाटतो तो २२ जून ६०१ हा दिवस. त्या तारखेचीं त्यांचीं दोन पत्रें आहेत. एक केंटचा राजा एथेलबर्ट यास: जगाचा अंत जवळ येत आहे, युद्धें, दुष्काळ, रोगराई हीं चिन्हें तुझ्या देशांत दिसलीं तर घाबरूं नकोस, आपण जागृत राहावें म्हणूनच तीं आधीं येतात, असा त्याचा आशय. दुसरें ऑगस्टीन यांस: लंडन व यॉर्क येथें प्रत्येकीं बारा बिशपांची व्यवस्था करावी, आणि पुढील काळीं त्या दोन नगरांच्या बिशपांपैकीं ज्याचा अभिषेक आधीं झाला असेल त्यास मान द्यावा. एकाच दिवशीं अंताचा इशारा, आणि एकाच दिवशीं न जन्मलेल्यांची तरतूद! यांत विसंगति नाहीं. धनी केव्हां येईल हें ठाऊक नसलेला चाकर काम टाकून दाराशीं रडत बसत नाहीं. नेमून दिलेलें काम करीत असतां आपण सांपडावें, एवढीच त्याची इच्छा असते.

शेवटचीं वर्षें संधिवातानें त्यांस अंथरुणावर खिळून काढावीं लागलीं. तेथूनहि ते पत्रें सांगून लिहवीत असत. १२ मार्च ६०४ रोजीं ते प्रभूकडे गेले. अंत त्यांच्या हयातींत आला नाहीं. चौदाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. वेळेचा त्यांचा अंदाज चुकला, पण केलेलें काम वायां गेलें नाहीं. आपल्या मृतांसाठीं आपण ज्या तीस ग्रेगरीय मिस्सा करवितों, त्या त्यांच्याच नांवानें चालत आल्या आहेत. मिस्साबलिदानाच्या पहिल्या महाप्रार्थनेंत आमचे दिवस तुझ्या शांतींत जावोत अशी जी याचना आहे, तीहि त्यांनींच घातली. सारे दिवस संपत आले असें ज्यांना वाटत होतें, त्यांनीं दिवस मागितले ते देवाच्या शांतीचे.

म्हणून, प्रियजनहो, आशीर्वादित मेणबत्त्या अवश्य घरीं न्या. त्या पेटवून कुटुंबासह प्रार्थना करा. परंतु मुलांचें धर्मशिक्षण, आजाऱ्यांची विचारपूस आणि या देवालयाची डागडुजी उद्यांवर टाकूं नका. प्रभु आला म्हणजे आपण सारे याच कामांत त्यास आढळूं, अशी कृपा संत ग्रेगरींच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस लाभो, हीच या ज्युबिलीच्या दिनीं आमची प्रार्थना.