वसतिगृहाची आई : कै. सौ. लक्ष्मीबाई पाटील

भगिनींनो, आपल्या जिल्ह्यातील कुंभोज हे लक्ष्मीबाईंचे माहेर. घर सधन, जैन आचाराचे, सोवळे-ओवळे पाळणारे. विवाहानंतर त्या भाऊराव पाटलांच्या संसारात आल्या. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले, अस्पृश्य मानलेल्या समाजाचीही, एका पंक्तीस जेवत. माहेरचे सोवळे बाजूस सारून लक्ष्मीबाई त्या सर्वांची आई झाल्या. त्यांचे जेवणखाण, दुखणेखुपणे त्यांनी आईच्या मायेने पाहिले. पैसा संपे तसा एकेक दागिना गेला. एकदा कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. सुवासिनीला हे किती जड जाते, ते आपणां बायकांना सांगावयास नको. १९३० साली त्या निवर्तल्या.

लेकीसाठी आपण सोने साठवितो. लक्ष्मीबाईंनी ते परक्यांच्या लेकरांच्या ताटांत वाढले, म्हणून ती लेकरे शाळेत टिकली. रयतेच्या आजच्या शेकडो शाळांत मला तेच सोने दिसते. आपल्या मंडळानेही एका तरी मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा, एवढीच माझी विनंती.