बास्केटबॉलचे 'वेड'

खेळाडूची कारकीर्द तिशीपर्यंत संपते, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. साठी उलटलेल्या एखाद्या बाईने आपल्याच जुन्या महाविद्यालयाच्या क्रीडांगणावर परतावे आणि पुढील चार वर्षांत त्या लहानशा महाविद्यालयाला तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून द्यावे, ही गोष्ट कुणाला कादंबरीतली वाटेल. परंतु अमेरिकेत ती प्रत्यक्षात घडली. त्या बाईंचे नाव मार्गारेट वेड. आडनाव इंग्रजी असले तरी मराठी माणसाला त्याचा जो अर्थ लागतो, तोही त्यांना शोभून दिसतो.

वेडबाईंचा जन्म 30 डिसेंबर 1912 रोजी मिसिसिपी राज्यातील मॅकूल या छोट्या गावी झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील हा मुलूख कापसाचा. त्याच राज्यातील क्लीव्हलँड या गावी डेल्टा स्टेट टीचर्स कॉलेज होते. शिक्षक तयार करणाऱ्या या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथील मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या त्या प्रमुख खेळाडू झाल्या.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. 1891 साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे पीच फळांच्या टोपल्या भिंतीवर टांगून हा खेळ सुरू केला. दुसऱ्याच वर्षी, जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मात्र मुलींसाठी तिने नियम सौम्य केले; मैदानाचे भाग पाडले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळावे असे ठरवले. मुलींना खेळू द्यावे, पण फार धावू देऊ नये, हा विचार त्यामागे होता. पुढे कित्येक दशके हा विचार मुलींच्या बास्केटबॉलची पाठ सोडीना.

त्याचा फटका मार्गारेट वेड यांना 1932 साली बसला. त्यांची पदवी एका वर्षावर आली असता महाविद्यालयाने मुलींचा संघच बंद केला. कारण काय, तर हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही! मुली रडल्या, आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले, अशी आठवण वेडबाईंनी पुढे सांगितली आहे.

हे कारण वाचले तेव्हा मी क्षणभर थांबले. आमच्या वर्सोव्यात टोपलीचा खेळ होत नाही, टोपलीचे काम होते. माझ्या आजीने उमेदीच्या काळात मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन वर्सोवा ते अंधेरी हे अंतर रोज पायी तोडले. हे तिला झेपेल का, असे तिला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मिसिसिपीतही त्या काळी बायका कापसाच्या शेतांत दिवसभर उन्हात राबत होत्या, आणि त्यांच्या श्रमांवर कुणी बंदी घातली नव्हती. तेव्हा प्रश्न श्रमांचा नव्हताच. बाईने पोटासाठी, घरासाठी कितीही कष्ट उपसावेत. ते आनंदासाठी, स्वतःसाठी असले की मात्र तिची प्रकृती नाजूक ठरते. आमच्याकडेही शाळेत उत्तम कबड्डी खेळणाऱ्या मुली दहावीनंतर मैदानावर दिसेनाशा होतात. त्यांचे बळ कमी झालेले नसते. ते फक्त दुसरीकडे वळवलेले असते.

1933 साली पदवी घेऊन वेडबाई बाहेर पडल्या. टुपेलो येथील एका निमव्यावसायिक संघातून त्या दोन मोसम खेळल्या, परंतु गुडघ्याच्या दुखापतीने तेही थांबले. मग त्यांनी शाळांमधून मुलींना बास्केटबॉल शिकवण्यास प्रारंभ केला. यातील मोठा काळ क्लीव्हलँडच्या हायस्कूलमध्ये गेला. शालेय प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर 453 विजय, 89 पराभव आणि 6 बरोबरी अशी नोंद आहे. या वर्षांकडे चरित्रकार फारसे पाहत नाहीत. मला मात्र ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. जो खेळ आपल्या हातून काढून घेतला गेला, तो गावोगावच्या शाळकरी मुलींच्या हाती देत राहायचे, हे काम टाळ्यांचे नव्हते.

1959 मध्ये त्या डेल्टा स्टेटमध्ये महिलांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या. महाविद्यालय तेच, पण मुलींचा संघ तेव्हाही नव्हता. त्यासाठी आणखी चौदा वर्षे जावी लागली. 1971 साली अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींना पाच जणींचा, संपूर्ण मैदानावरील खेळ मान्य झाला. 1972 साली सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला मनाई करणारा कायदा झाला. 1973 साली डेल्टा स्टेटने मुलींचा संघ पुन्हा उभा केला आणि साठ वर्षांच्या वेडबाईंना प्रशिक्षक नेमले. संघ बंद पडल्याला तेव्हा 41 वर्षे झाली होती!

पहिल्याच मोसमात संघाने 16 सामने जिंकले व फक्त 2 गमावले. दुसऱ्या मोसमात सर्वच्या सर्व 28 सामने जिंकले. 1975 च्या अंतिम सामन्यात त्यांनी सलग तीन वर्षांच्या विजेत्या इमॅक्युलाटा कॉलेजला 90-81 असे हरवले. 1976 साली पुन्हा इमॅक्युलाटावर, आणि 1977 साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीवर मात करून अजिंक्यपद राखले. या काळात संघाने सलग 51 सामने जिंकले होते.

या यशात मोठा वाटा होता लुसिया हॅरिस या सहा फूट तीन इंच उंचीच्या मुलीचा. मिंटर सिटी या खेड्यातील शेतकरी कुटुंबातली ही कृष्णवर्णीय मुलगी. डेल्टा स्टेट ही पूर्वी केवळ गोऱ्यांची संस्था होती, आणि त्या संघात लुसिया एकटीच कृष्णवर्णीय होती. 1976 साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा त्या स्पर्धेतील पहिले गुण लुसियाने नोंदवले आणि तिच्या देशाने रौप्यपदक मिळवले. जिच्या मुलखातल्या बायकांना कापसाच्या शेतात कुणी नाजूक मानले नाही, तिनेच मुलींना खेळ झेपतो हे साऱ्या जगापुढे दाखवून दिले. पुढे लुसियाने त्याच महाविद्यालयात साहाय्यक प्रशिक्षक म्हणूनही काम केले. गुरूने घालून दिलेली वाट शिष्येने अशी चालवली.

1979 साली वेडबाई निवृत्त झाल्या. डेल्टा स्टेटमधील सहा मोसमांत 157 विजय आणि 23 पराभव ही त्यांची कामगिरी. त्यापूर्वीच, 1978 पासून, अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलपटूला त्यांच्या नावाचे पारितोषिक देण्यास आरंभ झाला होता. 1985 साली नेस्मिथ यांच्या नावाने उभारलेल्या बास्केटबॉलच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षी तेथे सेंडा बेरेन्सन यांनाही मरणोत्तर स्थान मिळाले. मुलींना खेळाची दारे उघडणारी, पण सांभाळून पावले टाकायला सांगणारी एक; आणि त्यांना संपूर्ण मैदानभर धावायला लावणारी दुसरी. 16 फेब्रुवारी 1995 रोजी मार्गारेट वेड यांचे निधन झाले.

महाविद्यालयाने ज्यांना दुखावले, अशी माणसे सहसा त्या वास्तूकडे फिरून पाहत नाहीत. वेडबाईंनी राग गणवेशाबरोबर जाळला की मनात जपून ठेवला, हे त्यांनाच ठाऊक. पण त्यांनी आपला प्रश्न सोडला नाही, आणि उत्तर देण्याची संधी आली तेव्हा त्या तयार होत्या. आज आपण येथून पदव्या घेऊन जाऊ. नोकरी, संसार, पोटापाण्याची धडपड सुरू होईल. ज्या गोष्टी आपल्याला येथे मिळाल्या त्यांबद्दल आपण कृतज्ञ असूच. परंतु ज्या मिळाल्या नाहीत, त्या आपल्या मागून येणाऱ्या मुलींना मिळाव्यात म्हणून परत येणारी एखादी तरी आपल्यातून निघावी, असे मला मनापासून वाटते.