विनोबांचा आहार

विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा भावे, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या खेड्यात झाला. हे गाव आज रायगड जिल्ह्यात आहे. घराच्या अंगणात फणसाचे झाड होते. फणस पिकला की आई, रुक्मिणीबाई, आधी गऱ्यांचे द्रोण भरी आणि ते शेजाऱ्यांकडे पोचविण्यास लहानग्या विन्याला पाठवी. वाटप झाल्यावरच घरातील मुलांच्या हाती गरे पडत. त्याच घरात आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. शुक्लपक्षात चंद्रकलेबरोबर रोज एक घास वाढवायचा आणि कृष्णपक्षात एकेक कमी करायचा, असे ते व्रत. खाण्याची गोडी आणि तिच्यावरील ताबा, दोन्ही त्या मुलाने एकाच छपराखाली पाहिले.

१९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेतच गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तेथे अन्नछत्रात दुपारचे जेवण मिळे व वर दोन पैसे दक्षिणा. त्या पैशांतून दही आणि रताळी घेतली की रात्रीची सोय होई. विशीतील भूक मोठी असते. आवडीनिवडीला तेथे वाव नव्हता.

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना प्रथम भेटले. गांधीजी त्या वेळी भाजी चिरीत होते. त्यांनी विनोबांच्याही हाती चाकू दिला. आश्रमाच्या अकरा व्रतांत ‘अस्वाद’ हे एक व्रत होते. अन्न शरीराच्या पोषणासाठी घ्यावे, जिभेच्या चोचल्यांसाठी नव्हे, असा त्याचा अर्थ. पुढे वाईस संस्कृतचा अभ्यास करीत असताना विनोबांनी मसाले वर्ज्य केले व आहाराचे अनेक प्रयोग करून पाहिले. ऐन तारुण्यात चमचमीत पदार्थांचा मोह सोडणे सोपे नसते, हे वेगळे सांगावयास नको.

शरीर मात्र मुळात नाजूक होते. १९३८ साली प्रकृती फार खालावली, तेव्हा ते वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी राहावयास गेले. तेथे रोज शेतात खोदकाम करीत त्यांची प्रकृती सुधारली.

वय वाढले की सामान्यतः माणसाची रुची बदलते. जीभ व नाक मंदावतात, दात साथ सोडतात, पचन हळू होते. पुरणपोळीची जागा मऊ खिचडी घेते. विनोबांची जीभ तर आधीच बांधलेली होती. बदल घडविला तो पोटाने. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा प्रारंभ झाला, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले. पोटात व्रण असल्याने साधी भाजीभाकरीही सोसत नसे. दूध, दही असे हलके अन्न ते थोडे थोडे करून घेत. काशीत दोन पैशांत बसते म्हणून घेतलेले दही आता प्रकृतीची गरज झाले होते. गावोगावच्या यजमानांना आपल्या पंगतीचा पाहुणा एवढ्यावर भागवतो, याचे नवल वाटत असणार.

१९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्याऐंशी होते. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी आश्रमात येऊन त्यांना भेटल्या. परंतु निश्चय बदलला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले.