तुकोबारायांचे बुडीत खाते

श्रीतुकोबारायांचे चरित्र आपण वारकरी मंडळी लहानपणापासून ऐकत आलो. तरी एका प्रसंगावरून कीर्तनकार फार लवकर पुढे सरकतात, असे आम्हांस नेहमी वाटते. तो प्रसंग कर्जखते इंद्रायणीत सोडल्याचा. वैराग्य आले एवढे म्हणायचे, की टाळ सुरू.

पण तुकोबा काही जन्माचे कफल्लक नव्हते. घरी देहूची महाजनकी, पेठेत दुकान, सावकारी. थोरले बंधू सावजी यांचे मन प्रपंचात लागेना, म्हणून वडिलांनी, बोल्होबांनी, कोवळ्या वयातच वही तुकोबांच्या हाती दिली. पुढे आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यावर १६३०-३१चा दुष्काळ. गुरे मेली, गावे ओस पडली. थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, लेकरू गेले, दुकानाचे दिवाळे निघाले. ज्यांस धान्य-पैसा दिला तेही तसेच नागवलेले. मग तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले.

आता येथे जरा थांबावे. धाकटे बंधू कान्होबा त्यांस शोधीत डोंगरावर गेले आणि दोघे खाली इंद्रायणीवर आले. तेथे तुकोबांनी मागविले काय, तर घरातली कर्जखते! निम्मी कान्होबांच्या हाती दिली, कारण त्यांस संसार करावयाचा होता. आपली निम्मी डोहात सोडली. भावाचे वैराग्य त्यांनी परस्पर ठरविले नाही, हे आम्हांस फार मोठे वाटते. दुसरा कुणी उत्साहाच्या भरात सगळेच बुडवून मोकळा झाला असता आणि भाऊ जन्मभर बोटे मोडीत बसला असता.

माणसाचा स्वभाव मोठा विचित्र. दिलेले परत येणार नाही हे सावकारास पुरते ठाऊक असते, तरी कागद पेटीत असेतोवर मन तिकडेच. रस्त्यात कूळ दिसले की आधी आकडा दिसतो, माणूस मागाहून. कूळही तोंड चुकवून आडवाटेने जाते. दोघांचाही घास कडू. आणि पैसा एखादे वेळी आलाच, तरी सुख होते का? छे! तोवर उशिराचा हिशेब मनात मांडून झालेला असतो. तुकोबांनी कागद सोडले तेव्हा कुळे सुटली हे उघडच आहे. पण गावात कुणाकडेही सरळ पाहावे अशी नजर तुकोबांना मिळाली. पुढे पूर्वज विश्वंभरबाबांचे पडके देऊळ त्यांनी स्वतः खपून उभे केले आणि ते कीर्तनास उभे राहू लागले.

या सुखाचा खर्च मात्र जिजाईंवर पडला. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ही लेक. तिला कजाग ठरवून कीर्तनात हशा पिकवितात, ते आम्हांस मुळीच आवडत नाही. घरात दाणा नाही, मुले लहान आणि धनी भंडाऱ्यावर नामस्मरणात. तरी ती माउली भाकरी बांधून डोंगर चढे, धन्यास शोधी, त्यांस जेवू घाली, मग आपण जेवे. तोंडाने बोलत असे, खरे आहे. बोलू नये तर काय करावे हो?

पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आज्ञेवरून अभंगांच्या वह्याही त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आणि पाहा, कर्जखतांसाठी ज्यांनी मागे वळून पाहिले नाही, तेच तुकोबा या वह्यांसाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसून राहिले. सर्व सोडलेला पुरुष, पण हे त्यांस सोडवेना. सुखी माणूस म्हणजे ज्याला काहीच लागत नाही, अशी आपली एक समजूत असते. तुकोबांना लागले, आणि प्राण पणाला लावण्याइतके लागले. त्या वह्या कोरड्या वर आल्या, अशी आपणा सर्वांची श्रद्धा. खुद्द रामेश्वरभट पुढे त्यांचे शिष्य झाले, म्हणजे याही व्यवहारात तुकोबांनी येणे बाकी ठेवले नाही.

ती शिळा देहूस आहे. २०२२च्या जूनमध्ये तेथे नव्या शिळामंदिराचे लोकार्पण झाले. बीजेला आणि पालखीच्या वेळी मंडळी तिच्यावर डोके ठेवतात, मग इंद्रायणीत पाय बुडवून वर येतात. नदी तीच. कर्जखतांपैकी एखादे वर आल्याचे मात्र आम्ही कधी ऐकले नाही.