दाताला टोपी घालणारा माणूस

मेसच्या भातातला खडा माझ्या दाढेला नडला. रूट कॅनाल झालं, दाढ घासून झाली, कॅप आली आणि बसेचना! डॉक्टरांनी दोनदा दाबून पाहिलं. कॅप ठीक होती, पण दाढेच्या एका बाजूला अंडरकट राहिला होता. आता पुन्हा घासणं आलं, पुन्हा माप आलं. फर्स्ट इयरला माझा मेल-फिमेल जॉब सरांनी असाच परत केला होता. पॅटर्नला ड्राफ्ट नसेल तर तो मोल्डमधून निघत नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

ह्या उद्योगाच्या मुळाशी कोण, ते शोधत गेलो तर डॉ. चार्ल्स हेन्री लँड सापडले. दातांच्या डॉक्टरांत हे नाव मोठं. आपल्याला त्यांचा नातू माहीत असतो, १९२७ साली न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्यानं विमान नेणारा चार्ल्स लिंडबर्ग.

लँड १८४७ साली कॅनडात जन्मले, दवाखाना मात्र अमेरिकेत, डेट्रॉइटला. तेव्हा दाताला टोपी म्हणजे सोन्याची. समोरच्या दातावर ती कशी दिसत असेल! लँडना हवी होती दातासारखीच दिसणारी पोर्सेलीनची. पण पोर्सेलीन भट्टीत आकसतं, आणि तोंडात काही भट्टी पेटवता येत नाही. मग त्यांनी काय केलं, तर केसाहून पातळ प्लॅटिनमचा पत्रा घासलेल्या दाताच्या आकारावर घोटून बसवला, अलगद उचलला, त्यावर पोर्सेलीनचे थर दिले आणि भाजले. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भट्टीत ते जसंच्या तसं राहतं. शेवटी पत्रा सोलून काढायचा. त्याच्या जाडीएवढी फट राहते, ती सिमेंटला. क्लिअरन्स आपोआप मिळाला की नाही? मला तर हा भाग वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अर्थात, पत्रा न फाटता वर निघायला दात वरच्या बाजूला निमुळता हवाच. म्हणजे माझी दाढ तिथंही नापास.

१८८० च्या दशकात त्यांनी पेटंट घेतली, १९०३ मध्ये पूर्ण पोर्सेलीनची जॅकेट क्राऊन पुढे आणली. ती दिसायला सुरेख, पण ठिसूळ. दाढेचा दाब तिला झेपत नसे. धातूवर पोर्सेलीन चढवायची रीत रुळली ती १९६० नंतर.

डेट्रॉइटच्या घरातच त्यांची प्रयोगशाळा होती, आणि छोटा लिंडबर्ग सुट्टीत तिथं रमायचा. त्याची आई, म्हणजे लँडची मुलगी, रसायनशास्त्र शिकवायची. पुढे १९३५ मध्ये ह्याच वैमानिकानं अलेक्सिस कॅरेलबरोबर शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप केला, तो मी तरी आजोबांच्याच खात्यावर टाकतो. लँड १९२२ साली गेले. नातवाचं उड्डाण पाहायला पाच वर्षं कमी पडली.

माझी दुसरी कॅप शनिवारी बसली. चावताना किंचित उंच लागत होती. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, ठिपका उठला तिथं घासली. आता भात निवडून खातो.